सालीच्या पाण्यातली खरबुजं

खरबूज पिकलं की वेलीला धरून राहत नाही. देठाभोवती बारीक चीर पडते, वास सुटतो, आणि नुसता हात लावला तरी फळ मोकळं होतं. त्यानंतर आमच्या नरपडच्या उन्हाळ्यात ते चार दिवस टिकलं तर खूप. कलिंगड खाटेखाली ढकलून द्यावं आणि विसरून जावं, ते आपलं पडून राहतं. खरबुजाचं तसं नाही. आधी देठाची खूण राहते तिथे रुपयाएवढा मऊ डाग पडतो. दुसऱ्या दिवशी त्यावर कापसासारखी बुरशी येते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या फळाला तोच डाग.

हे सगळं मला माझ्या नणंदेमुळे कळलं. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हा मी या घरात नवीच होते. आमचं घर मासेमारीचं. नवरा होडीवर, सासूबाई आणि मी मासे सुकवायचो आणि डहाणूच्या बाजारात विकायचो. नणंदेने दोन महिने आमच्याबरोबर बोंबील सुकवले, आणि मग एका सकाळी भावाला सांगितलं, "दादा, तुझ्या चुलीवर किती दिवस जेवू? मागची वाळूची जमीन मला कसायला दे."

मागची जमीन म्हणजे सुरूच्या झाडांच्या आतला, खाडीकडे उतरणारा एक तुकडा. पूर्वी सासूबाई तिथे खरबुजं लावायच्या. नंतर गुडघे धरले, तेव्हापासून जमीन पडूनच होती. माझ्या नवऱ्याच्या मनात तिथे चिकू लावायचे होते. आजूबाजूला सगळे चिकूच लावत होते. तो म्हणाला, "खरबूज म्हणजे एका उन्हाळ्याचा खेळ. चिकू नातवंडांना पुरतो."

"मला नातवंडं नाहीत," नणंद म्हणाली.

मग सासूबाईंनी निवाडा दिला. "एक उन्हाळा तिला दे. तिची खरबुजं महालक्ष्मीच्या जत्रेला पोचली आणि खपली, तर जमीन तिची. सडली, तर पावसात तुझे चिकू लाव. मग मी मध्ये बोलणार नाही."

जत्राच का, तर डहाणूच्या बाजारात गुजरातेतून गाड्या भरभरून फळं यायची, तिथे आमच्या टोपलीला कोण विचारतं? विवळवेढ्याची ही महालक्ष्मीची जत्रा वेगळी. चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे पंधरवडा चालते. डोंगरातून, तलासरीकडून, गुजरातेतून माणसं येतात, उन्हाने घसे कोरडे पडलेले असतात. सासूबाईंच्या काळात त्यांची खरबुजं तिथेच जायची.

नणंदेने संक्रांतीला बी टोचलं, कारण सासूबाई संक्रांतीलाच टोचायच्या. खाडीकाठच्या झऱ्यावरून घागरी वाहिल्या, वेलींखाली भाताचा पेंढा पसरला. वेल असे पसरले की बघत राहावं. माझ्या नवऱ्याने कडेला चिकूचे खड्डे मात्र खणून ठेवले. "पावसात घाई नको," म्हणाला. नणंद रोज त्या खड्ड्यांना वळसा घालून पाणी घालायची.

घोळ होळीला कळला. आमच्याकडे होळीला होड्या सजतात, सगळं गाव किनाऱ्यावर असतं. दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले तर फळांच्या सालावर जाळीसारख्या रेषा धरलेल्या, म्हणजे पंधरा दिवसांत पिकणार. आणि जत्रेला अख्खा महिना. आदल्या पावसात अधिक महिना आला होता. गणपती उशिरा, दिवाळी उशिरा, होळी उशिरा, तशी जत्राही उशिराच. संक्रांत मात्र सूर्याची, ती हलत नाही. वेलींनीही सूर्याचंच ऐकलं.

माझा नवरा हसला. "चंद्र बघून होडी काढणारी माणसं आपण. बी टोचताना चंद्र कुठे गेला होता?"

"तुझ्या होडीत बसून गेला होता, दादा. परत आणलाच नाहीस," नणंद म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

पहिली फळं जत्रेच्या कितीतरी आधीच सुटायला लागली. वेलीवर ठेवावीत तर फुटतात, आणि रात्री कोल्हे येतात. म्हणून तोडून घरी आणायची. नणंदेने ती खाडीच्या पाण्यात धुतली, चकचकीत केली, ओल्या पेंढ्यावर खोपटाच्या कोपऱ्यात एकावर एक रचली. आम्ही मासे धुऊनच ठेवतो, त्यामुळे तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. तीन दिवसांत रास बसली. खालच्या फळांतून पाणी झिरपत होतं, चिलटांचा ढग होता. आम्ही दोघींनी ती सगळी टोपल्यांत भरून लांब खाडीच्या तोंडाशी टाकली. येताना ती म्हणाली, "वहिनी, सुकवता येत असती तर सुकवली असती."

त्याच सुमारास भांगाचे दिवस आले, म्हणजे भरतीला जोर नसतो, होड्या कमी जातात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. तेव्हा आमची जाळी सुताची असायची. नायलॉन पुढे आलं. सुताचं जाळं पाण्यात कुजू नये म्हणून ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या लालसर पाण्यात बुडवायचं, मग वाळवायचं. साल आणून द्यायची डोंगराकडच्या वेवजी गावची एक बाई. डोक्यावर भारा घेऊन यायची आणि बदल्यात सुके बोंबील न्यायची. आमचा तांब्याचा मोठा हंडा अंगणात चुलाणावर चढायचा, आणि दिवसभर घराला रानाचा कडवट वास यायचा.

त्या दिवशी पहाटे नणंदेने दहा-बारा खरबुजं तोडली आणि एकमेकांवर आपटू नयेत म्हणून फाटक्या जाळ्यात मधेमधे गाठी मारून, गाठोडं बांधून आणली. गाठोडं खोपटात ठेवलं, जिथे बुडवायची जाळी पडली होती तिथेच. आणि ती पुन्हा शेतावर गेली. माझ्या नवऱ्याने एकेक जाळं बांबूवर उचलून हंड्यात सोडायला सुरुवात केली. खोपटात अंधार, बाहेर हंड्याची वाफ. एक गाठोडं जरा जड लागलं, त्याला वाटलं ओलं असेल. सोडलं हंड्यात. तेवढ्यात नणंद दारात आली.

"दादा, ती माझी खरबुजं."

त्याने बांबूने गाठोडं वर ओढलं. सगळी फळं तपकिरी, वाफ निघत होती. चुकून का होईना, त्याच्या हातून झालं होतं, आणि चिकूचे खड्डे त्यानेच खणले होते, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं असणार.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "रंग तर पक्का बसला. आता मासे पकडायला सोडा त्यांना."

नणंदेने गाठोडं तसंच, न सोडता, खोपटाच्या वाशाला टांगून ठेवलं. टाकायलाही तिला उठवेना. त्यानंतर तीन-चार खेपा तिने फळं आणली आणि रचली. यावेळी धुतली नाहीत, तरी तीच गत झाली, फक्त एक दिवस उशिरा. टांगलेल्या गाठोड्याकडे कोणी बघितलं नाही.

आठवडाभराने मी खोपटात दोर शोधायला गेले. आत शिरले आणि थांबले. सालीचा वास, माशांचा वास, कोपऱ्यातल्या सडक्या राशीचा आंबट वास, आणि या सगळ्यांच्या वरून एक गोड, स्वच्छ वास येत होता. मी मान वर केली. वाशाला ते गाठोडं लोंबत होतं. जाळ्याच्या प्रत्येक घरात एकेक तपकिरी फळ, शेजारच्याला जेमतेम टेकलेलं. मी खालून एकेकाला बोटाने दाबून बघितलं. टणक. देठाच्या खुणा कोरड्या, आक्रसून मिटलेल्या. एकावरही बुरशी नाही. हातभर अंतरावर त्याच वेलीची, त्याच आठवड्याची फळं खाली चिखल झाली होती.

मला दोर हवा होता हे आठवायलाच वेळ लागला.

सगळ्यांना बोलावलं. नणंदेने एक फळ कापलं. आत केशरी गर, जागचा जागी, बिया घट्ट, रस सुरीवरून मनगटापर्यंत ओघळला. माझ्या नवऱ्याने फोड तोंडात घातली आणि चावायचा थांबला. मग सावकाश चावली. सासूबाईंनी आधी फळाच्या सालाला नाक लावलं. "यात बोंबील भरलेत का गं?" म्हणाल्या. साल खरोखरच जाळ्यांच्या पाण्यासारखा वास मारत होतं. पण गर खाल्ला आणि म्हणाल्या, "दे अजून एक."

आता मुख्य तोड तोंडावर होती. जत्रेला आठ-दहा दिवस. नणंद म्हणाली, सगळी फळं सालीच्या पाण्यात बुडवू. मी म्हटलं, बुडवू, पण जाळ्यांच्या उष्ट्या पाण्यात नाही. लोक खाणार आहेत. हंडा राखेने घासायचा, पाणी ताजं, साल ताजी. वेवजीच्या बाईला निरोप धाडला. ती दोन भारे घेऊन आली आणि अंगणातली खरबुजं बघून विचारू लागली, "एवढी साल कशाला? खरबुजाचं जाळं विणणार काय बायांनो?"

"जत्रेत ये, दाखवते," नणंद म्हणाली.

किती वेळ बुडवायचं, हा प्रश्न होता. पहिल्या वेळी गाठोडं हंड्यात पडल्यापासून बाहेर ओढेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा. तो मोजायचा कसा? जाळ्यांसाठी करतो तसंच पाणी चुलाणावरून उतरवायचं आणि बोट बुडवून लगेच काढावंसं वाटेल इतपत निवू द्यायचं, इथपर्यंत आमचं जमलं. मग नणंदेने ठरवलं, जाळं पाण्यात सोडायचं, 'आई महालक्ष्मी, माझी जमीन सांभाळ' असं पाच वेळा म्हणायचं आणि वर काढायचं. ते बरोबर बसलं. दुपारी आम्ही दोघी पाणी आणायला गेलो तेव्हा सासूबाई हंड्यापाशी बसल्या. त्यांनी देवीपाशी आधी लेकीची जमीन मागितली, मग मुलाची होडी, मग गुडघे, मग शेजारणीच्या मुलीचं लग्न. आम्ही परत आलो तोवर त्या गाठोड्यातली फळं शिजली होती. वरचं साल ठिकठिकाणी खचून आत गेलेलं.

"आई, शेजारणीसाठी वेगळा नारळ फोड," नणंद म्हणाली. "माझ्या खरबुजांवर नको."

बुडवलेली फळं लगेच सावलीत वाऱ्यावर टांगायची. जागा आमच्याकडे तयारच होती. बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव. बोंबील एका टोकाला सरकवले, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि वरच्या अंगाला झावळ्यांचं छप्पर घालून जुन्या जाळ्यांच्या झोळ्या बांधल्या. एका घरात एकच फळ. भुईला कोणी टेकायचं नाही, एकमेकांना कोणी घासायचं नाही. किनाऱ्यावरून जाणारी माणसं थांबून बघत. एका टोकाला चांदीसारखे बोंबील, दुसऱ्या टोकाला तपकिरी खरबुजं, दोन्ही एकाच वाऱ्यावर झुलत.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. सासूबाई म्हणत होत्या, साल जाळं कुजू देत नाही, तशी फळही कुजू देत नाही. असेल. पण पाणी गरमही होतं. मी वेगळ्या पातेल्यात नुसतं पाणी तापवलं, त्यात थोडी फळं तेवढाच वेळ बुडवली आणि मांडवाच्या अगदी कडेला टांगली. नणंदेला सांगितलं नाही. तिची फळं मी उगाच वाया घालवते असं तिला वाटलं असतं.

ते आठ-दहा दिवस ती रात्री नीट झोपली नसावी. सकाळी उठलं की आधी मांडव. एखादं फळ बिघडायचं, ज्याला तोडताना टोचलं होतं किंवा कुठे आपटलं होतं. ते ती झोळीतून काढायची, त्याची झोळी गरम पाण्यातून काढायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायची. बाकीची तशीच. दिवसाला दिवस जोडला जात होता, समुद्रावरचा दमट वारा वाहत होता, त्या वाऱ्यात आमच्या चपलांनाही बुरशी यायची, आणि फळं टणक होती. मी रोज जाऊन दाबून बघायची. विश्वास बसायला दाबून बघावंच लागायचं.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझी कडेची फळं काढली. त्यांना रंग चढला नव्हता. पिवळीधमक, जाळीदार, जशी वेलीवरून आली तशी. सगळी चांगली. सालीच्या पाण्यातल्यांइतकीच चांगली. नणंदेने हातात घेऊन विचारलं, "ही कधी तोडलीस?"

"तुझ्याच तोडीतली आहेत. नुसत्या गरम पाण्यात बुडवलेली."

"साल नाही?"

"साल नाही."

ती फळ हातात घेऊन मांडवाखालीच बसली. मीही बसले. गरम पाण्याने भात शिजतो, मासे शिजतात, आमचे हात भाजतात. तेच पाणी क्षणभर अंगावर घेतलं की खरबूज जगतं, हे आम्हाला पचत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "देवीने सांभाळलं, पाण्याला काय कळतं." बऱ्याच वर्षांनी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं की बुरशीचं बी फळाच्या सालावर बसलेलं असतं, उष्णता तेवढ्यालाच मारते, आत पोचायच्या आधी फळ बाहेर निघालेलं असतं. ऐकून समजलं. आश्चर्य मात्र कमी झालं नाही. उलट वाटलं, डोळ्यांना न दिसणारं एवढंसं काहीतरी त्या जमिनीचा निवाडा करणार होतं.

बैलगाडीत आम्ही बांबू आडवे बांधले आणि झोळ्या त्यांना टांगल्या. रस्ता खडकाळ, गाडी उसळायची, पण झोळ्या झुलायच्या आणि फळांना धक्का लागायचा नाही. माझा नवरा बैलांपाशी चालत होता. वाटेभर तो एवढंच म्हणाला, "एक सडलं तरी वास येतो ना?"

"येतो," मी म्हटलं.

विवळवेढ्यापर्यंत वास आला नाही.

पहिलं फळ सासूबाईंनी देवीपुढे ठेवलं. मग एका झाडाखाली गोणपाट पसरून बसलो. गर्दी खूप होती, पण आमच्यासमोर कोणी थांबेना. थोडी पिवळी सोडली तर आमचा सगळा माल तपकिरी. लोक बघायचे, हसायचे, पुढे जायचे. एक गुजराती माणूस वाकून म्हणाला, "आ शुं छे, बेन? नाळियेर?" त्याच्याबरोबरच्या बायका खूप हसल्या. ऊन चढत होतं. नणंद ताठ बसली होती, हात मांडीवर. पिवळी आधी विकू, असं मी तिच्या कानात म्हटलं. तिने मान हलवली. "ती गेल्यावर ही कोण घेणार?"

तेवढ्यात गर्दीतून वेवजीची ती बाई आली, बरोबर घरची माणसं. आमच्यासमोर थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "ही माझी साल. रंग मी ओळखते."

"खाऊन बघ तुझी साल," नणंद म्हणाली, आणि सुरी घेतली.

सुरी आत गेली आणि वास बाहेर आला. मी खोपटात घेतला होता तोच वास, पण आता उघड्यावर, धुळीत, उन्हात, बैलांच्या आणि तळलेल्या भज्यांच्या वासातून वाट काढत. पुढे गेलेली माणसं वळली. त्या बाईने फोड खाल्ली, रस हनुवटीवरून गळला, तिने तो मनगटाने पुसला.

"कधी तोडलंस?"

नणंदेने सांगितलं, तू साल आणलीस तेव्हाच. बाई हसली. मग नणंदेच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "होळीनंतर आमच्या ओढ्याकाठची सगळी गेली," ती म्हणाली. "डुकरांनीसुद्धा खाल्ली नाहीत." तिने अजून दोन फळं उचलली आणि आपल्या माणसांना सांगू लागली, डोंगराकडे हात करून, साल कुठल्या झाडाची होती ते. जणू खरबूज ऐनालाच लागलं होतं. आम्ही तिला दुरुस्त केलं नाही. तो गुजराती माणूसही परत आला. त्याच्याबरोबरच्या बायकांनी ती दोन नारळ म्हणूनच मागितली, "बे नाळियेर आपो."

ऊन कलायच्या आधी झोळ्या रिकाम्या झाल्या. परतताना गाडीत बांबूंना नुसती जाळी लोंबत होती. सासूबाई झोपल्या होत्या, नणंद जागी होती, आणि माझा नवरा आताही बैलांपाशी चालत होता, गाडीत बसायला जागा असूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेताकडे गेले तर तो कडेला उभा होता, हातात फावडं. नणंद समोर. वेल सुकत आले होते. मधे ते चिकूचे खड्डे.

"बुजवतोस का?" तिने विचारलं.

त्याने खड्ड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एवढे खणलेत. बुजवायला मला वेळ नाही. तुझी जमीन, तुझे खड्डे." आणि फावडं तिथेच टेकवून किनाऱ्याकडे गेला. त्याची भरती चुकत होती.

पुढच्या वर्षी तिने त्या खड्ड्यांत शेणखत आणि वाळू भरली, आणि बी त्यांच्यातच टोचलं. त्याआधी मात्र पंचांग घेऊन माझ्यापाशी आली, कारण तिला वाचता येत नव्हतं.

"वहिनी," म्हणाली, "संक्रांत राहू दे. आधी जत्रा कधी आहे ते बघ."